रस्त्यांना त्यांची नावे परत द्या

ना. म. जोशी कोण होते, हा प्रश्न लोअर परळच्या फुटपाथवर उभे राहून दहा जणांना विचारून पाहावा. दहांतले आठ जण हात लांब करून रस्ता दाखवतील. उरलेले दोघे म्हणतील, ‘डिलाइल रोड म्हणता का?’ १९२० साली ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस उभी राहिली तेव्हा तिच्या संस्थापकांत जे होते, त्या नारायण मल्हार जोशींचे नाव कामगारवस्तीतल्या या रस्त्याला दिले, ते त्यांची आठवण राहावी म्हणून. राहिली ती दोन इंग्रजी अक्षरे. आता तर मोबाइलमध्ये बसलेली वाटाडी बाई ती अक्षरेही एका दमात ‘एनेम’ अशी उच्चारते आणि उजवीकडे वळा म्हणते.

वाचकहो, दिवाळीच्या फराळाच्या ताटाशी बसून रस्त्यांच्या पाट्यांवर भांडायला निघालेला मनुष्य रिकामटेकडा असला पाहिजे, असे तुम्हांला वाटेल. खुशाल वाटू द्या. परंतु याच चार दिवसांत तुमच्या घरी येणारे पाहुणे, भाऊबीजेला निघालेला भाऊ, मिठाईचे खोके घेऊन येणारा पोऱ्या, हे सगळे आता पत्ता विचारीत येत नाहीत. त्या बोलक्या नकाशाचे ऐकत येतात. कोपऱ्यावरच्या पानवाल्याचा जो अधिकार होता तो नकाशाकडे गेला आहे. पानवाला निदान एका रस्त्याला रोज एकाच नावाने हाक मारीत असे. नकाशाला तेवढीही शिस्त नाही. एकाच रस्त्याचा एक तुकडा ‘मार्ग’, पुढचा तुकडा ‘रोड’, त्याच्या पुढचा नुसता आद्याक्षरे, आणि नाक्यापलीकडे तोच रस्ता निनावी!

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. नकाशात रस्त्याचे नाव पाटीवर असते तसे, पूर्ण, आणि आधी मराठीत लिहावे. ‘पथ’ असेल तेथे पथ, ‘मार्ग’ असेल तेथे मार्ग. त्याचे भाषांतर करू नये आणि आद्याक्षरांत त्याचा चुराही करू नये. लोकांच्या तोंडची नावे आणि जुनी नावे त्याच रस्त्याच्या नोंदीत शेजारी ठेवावीत. मुख्य नावाच्या जागी कधी हे, कधी ते, असे करू नये.

आद्याक्षरांवर माझा विशेष राग आहे. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये पूर्वी खाडी होती आणि पावसाळ्यात होड्या उलटत. १८४० नंतरच्या काळात त्या खाडीवर बांध घालून रस्ता झाला, तो लेडी जमशेटजी यांनी स्वतःचे दीड लाखाहून अधिक रुपये दिले म्हणून. दीड लाख, आणि तेही त्या काळचे! या बाईंच्या नावाचा रस्ता आजही माहीमला आहे. त्याला लोक म्हणतात ‘एल. जे. रोड’. पुण्यात एका सत्पुरुषाचे नाव रस्त्याला दिले आणि जंगली महाराजांचे ‘जे. एम.’ झाले. गिरगावात जगन्नाथ शंकरशेट यांचे ‘जे. एस. एस.’ झाले. लालबहादूर शास्त्री ‘एल. बी. एस.’, स्वामी विवेकानंद ‘एस. व्ही.’, दादाभाई नौरोजी ‘डी. एन.’ बोलताना माणूस आखूड बोलणारच. जिभेला कायदा लावता येत नाही. पण ज्याला नोंद म्हणायचे, जी वाचून उद्याची मुले रस्त्याचे नाव शिकणार, तीही जिभेसारखीच आळशी असावी काय?

बरे, ही आद्याक्षरे यंत्राला तरी कळतात म्हणावे, तर तेही नाही. इंग्रजीत ‘डी’ आणि ‘आर’ ही दोन अक्षरे डॉक्टरसाठी लिहितात आणि ‘ड्राइव्ह’ जातीच्या रस्त्यासाठीही. ‘एस’ आणि ‘टी’ म्हणजे कधी संत, कधी स्ट्रीट. आमच्याकडे तर एस. टी. म्हणजे लाल गाडी. बिचारे यंत्र काय करील? लॅमिंग्टन रोडचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पेडर रोडचे डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग. दोघेही डॉक्टर. नोंदीत ‘डॉक्टर’ हा शब्द सबंध लिहिला, तर यंत्राला अंदाज बांधावाच लागत नाही.

यावर शहाणे लोक सांगतात, की मोबाइलचा पडदा चार बोटे रुंद, त्यावर ‘स्वातंत्र्यवीर सावरकर मार्ग’ मावणार कसे? हा आक्षेप ऐकला की मला आमच्या स्वयंपाकघरातला भाजणीचा डबा आठवतो. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, धने, जिरे एकदा भाजून दळले की चकलीची भाजणी झाली. पण त्या पिठातून उडदाची डाळ पुन्हा वेचून काढा म्हटले, तर कुठल्या सुगरणीला ते साधेल? नावाचेही तेच आहे. पूर्ण नाव साठवलेले असले, तर पडद्यापुरते ते आखूड करणे यंत्राच्या डाव्या हाताचा मळ आहे. आखूड साठवले, तर पूर्ण नाव कोठून आणणार? ‘एन. सी.’ म्हणजे नरसिंह चिंतामण, हे दादरच्या केळकर रस्त्यावर राहणाऱ्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. ते गेल्यावर ते कोणाला विचारायचे?

हा प्रश्न नुसता थोरांच्या स्मृतीचा असता, तर मी एवढा आवाज चढवला नसता. गेल्या वर्षी पावसाळ्यात आमच्या उपनगरात शेजारच्या इमारतीतल्या एका गृहस्थांना पहाटे अर्धांगाचा झटका आला. त्यांच्या मुलीने रुग्णवाहिकेला फोन करून ‘महात्मा फुले पथ’ असे स्पष्ट सांगितले. आमच्याकडे रेल्वेच्या पूर्वेला महात्मा फुले पथ आहे आणि पश्चिमेला महात्मा फुले रस्ता. पाट्यांवर हा भेद ठळक रंगवलेला आहे. नकाशात मात्र दोन्हींच्या कपाळी एकच शिक्का, ‘एम. पी. रोड’. गाडी पश्चिमेला गेली. चालकाचा फोन आला तो मी घेतला. तो बिचारा काकुळतीने म्हणत होता, ‘काका, मी एम. पी. रोडवरच उभा आहे, तुमची इमारत कुठे आहे?’ फाटकाला वळसा घालून येईतो पंचवीस मिनिटे गेली. अर्धांगात मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे औषध साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्यातही जितके लवकर तितके बरे. गृहस्थ वाचले. त्यांचा उजवा हात अजून चहाचा कप उचलत नाही. त्या चालकाला मी दोष देत नाही. त्याने नकाशावर विश्वास ठेवला, आणि ठेवू नये तर त्याने कशावर ठेवावा? ‘पथ’चा ‘रोड’ करणाऱ्या अनोळखी हाताला मात्र मी विचारतो, की बाबा रे, पाटी वाचायला तुला काय झाले होते?

आता मराठीकडे येतो. आपल्या पाट्या मराठीत, आणि नकाशातली मराठी नावे मात्र पुष्कळदा इंग्रजीवरून उलटी फिरवून आणलेली. मराठीतून इंग्रजीत जाताना ‘त’ आणि ‘ट’ यांचे एकच अक्षर होते, ‘द’ आणि ‘ड’ यांचेही तेच, आणि ऱ्हस्वदीर्घ तर वाटेतच गळून पडते. परत येताना यंत्र अंदाज बांधते. मग साठ्यांचे ‘साथे’ होतात, भांडारकरांचे ‘भंदारकर’. पुलाचे हाल तर विचारू नका. दांडेकर पुलावर इंग्रजी कानाने वाचले, तर कोणीतरी दांडेकरांना ओढीत आहे असे वाटावे. पाटीवर जे शुद्ध लिहिले आहे ते तसेच उतरवून घेणे, यात कसली विद्वत्ता लागते? मराठी आधी, आणि तिच्यावरून इंग्रजी. प्रवाह उलटा वाहिला की गाळ साचणारच.

‘पण लोक ज्या नावाने ओळखतात तेच खरे नाव,’ असे म्हणणारा एक पक्ष आहे आणि त्याच्याबद्दल मला आदर आहे. पुण्यातल्या लकडी पुलात आज लाकडाची ढलपीही नाही, त्याचे नाव संभाजी पूल झाले, तरी पुणेकर लकडी पूलच म्हणणार. टिळक चौकाला तो अलका टॉकीजच म्हणणार. पेडर रोडला ‘गोपाळराव देशमुख मार्ग’ म्हणणारा टॅक्सीवाला मला तरी अजून भेटावयाचा आहे. पण लोक म्हणजे कोणते लोक? माझी आत्या ज्याला कॅडल रोड म्हणे त्याला तिची नात सावरकर मार्ग म्हणते. दोघींनाही रस्ता सापडला पाहिजे. म्हणून लोकांचे नाव मोडीत काढू नका. त्याला नोंदीत स्वतःची जागा द्या, कोणी त्या नावाने शोधले तर यंत्राने निमूटपणे योग्य ठिकाणी न्यावे. मुख्य नाव मात्र पाटीवरचे. पाटी सर्वांना दिसते, तिच्याकडे बोट दाखवून भांडण मिटवता येते. माझ्या आत्येच्या आठवणीकडे बोट कसे दाखवणार?

आणि लोकांच्या तोंडचे सगळेच जपण्यासारखे असते, हेही मी मानीत नाही. गावोगावच्या वस्त्यांना जातींची नावे होती. ती लोकांच्याच तोंडी होती, आणि ज्यांना त्या पत्त्यावर पत्र येई त्यांना पाकीट उघडण्यापूर्वीच अपमान पोचत असे. २०२० सालच्या डिसेंबरात राज्य मंत्रिमंडळाने ही नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला, तो उत्तम केला. अशा ठिकाणी जुने नाव सरकारी दप्तरात राहू द्या; नकाशाने ते पडद्यावर दाखवू नये आणि मोठ्याने तर मुळीच उच्चारू नये. सवय आणि अपमान यांतला फरक करण्याचे काम यंत्राचे नाही, माणसाचे आहे.

महामार्गांचे दुखणे निराळे. तेथे नावापेक्षा क्रमांकाचा घोळ. २०१० साली राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक दिले. त्यामागचा विचार चांगला होता: उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना सम आकडे, पूर्वेकडून पश्चिमेकडे चढत जाणारे, पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम, उत्तरेकडून दक्षिणेकडे चढत जाणारे. म्हणून मुंबई-पुणे-बंगळूरचा चार होता तो अठ्ठेचाळीस झाला, कोकणातून गोव्याकडे जाणारा सतरा होता तो सहासष्ट, पुणे-सोलापूरचा नऊ होता तो पासष्ट. ढाब्यावर मात्र अजून ‘एन. एच. फोर’च चालतो. गंमत अशी, की आजचा राष्ट्रीय महामार्ग चार अंदमानात आहे! तेव्हा क्रमांकाचा रकाना निराळा, नावाचा निराळा, आणि जुना क्रमांक ‘जुना’ म्हणून. तिन्ही एकात कोंबले, की साताऱ्याचा मनुष्य पोर्ट ब्लेअरच्या वाटेला लागायचा.

मी काही अशक्य मागत नाही. ओपन स्ट्रीट मॅप नावाचा एक सार्वजनिक नकाशा २००४ साली इंग्लंडात सुरू झाला आणि जगभरची हौशी माणसे तो फुकट भरीत आली आहेत. त्यांच्या नियमांत नावे तोडू नयेत, प्रत्यक्ष जागेवर जे दिसते ते लिहावे, आणि जुने नाव, स्थानिक नाव, निरनिराळ्या भाषांतली नावे व क्रमांक यांना स्वतंत्र रकाने असावेत, हे सगळे आहे. पगार न घेणाऱ्यांना जे सुचले ते आमच्या महापालिकांना सुचू नये? नामकरणाचा ठराव होतो, फीत कापतात, हार घालतात, पेढे वाटतात, आणि नाव नकाशात कसे जावे हे मात्र कोणाच्याच टेबलावर नसते. यापुढे ज्या ठरावाने रस्त्याला नाव मिळेल, त्याच ठरावाला एक तक्ता जोडावा: पूर्ण नाव मराठीत, त्यावरून इंग्रजी अक्षरांत, पूर्वीचे नाव, प्रचारातले नाव, आणि रस्ता कोठून कोठपर्यंत. तो तक्ता सर्वांना पाहावयास खुला असावा, म्हणजे नकाशावाले तो उचलतील.

आमच्या कोपऱ्यावरची ‘महात्मा फुले पथ’ ही पाटी यंदा नवरात्रात पुन्हा रंगवली. अक्षर सुरेख आहे. रंगाऱ्याने ‘महात्मा’ सबंध लिहिले, ‘पथ’ही सबंध लिहिले, आणि पाटीवर वीतभर जागा शिल्लक राहिली.