३० सप्टेंबर

गोव्यातल्या कळंगुट-हणजूण पट्ट्यात जूनमध्ये भाड्याचं घर सहज मिळतं. मालक गोड बोलतो, भाडंही परवडणारं सांगतो. करार मात्र शेवटून वाचावा. मुदत बहुधा ३० सप्टेंबरला संपते.

बाकी देशात ११ महिन्यांचा करार, इथे चार महिन्यांचा. ऑक्टोबरात चार्टर विमानं उतरू लागतात आणि तेच घर रात्रीच्या दराने दिलं जातं. मग इस्पितळातली नर्स, शाळेतले मास्तर, शॅकमधला आचारी यांनी सामान बांधायचं. मुलांच्या शाळेचं वर्ष मध्यावर आलेलं असतं, पण ते करारात कुठे लिहिलेलं नसतं.

घर मालकाचं, मर्जी मालकाची, हे खरंच. पण पावसाळ्यात घर स्वस्तात देणं हा उपकार समजू नये. किनाऱ्यालगतचं घर चार महिने बंद राहिलं तर भिंतींना बुरशी धरते, दारं फुगतात, गाद्यांना कुबट वास मारतो. छप्पर कुठे गळतंय हे सांगायलाही कुणी नसतं. खिडक्या उघडायला, दिवा लावायला, गळतीखाली बादली ठेवायला माणूस लागतो. हे काम करणाऱ्याला राखणदार म्हणतात आणि त्याला पगार द्यावा लागतो. इथे राखणदारच दरमहा भाडं भरतो. वर डिपॉझिटही ठेवतो. हंगामासाठी घर धडधाकट राहिलं की त्याची गरज संपते.

बारमाही भाड्याने घर का मिळत नाही, तर घरांची टंचाई आहे, असं कारण सांगतात. २०११ च्या जनगणनेत गोव्यातलं साधारण दर पाचवं घर रिकामं निघालं होतं. टंचाई घरांची नाही, बारमाही भाडेकरू ठेवण्याच्या इच्छेची आहे.

आणि कागदोपत्री हे सगळं राहतं घर. आठ महिने त्याचं लॉज झालेलं असलं तरी. पर्यटकांना खोल्या भाड्याने देणाऱ्याने नोंदणी करावी, असा कायदा १९८२ पासून आहे. काहींनी ती केलीही असेल. ज्यांनी केलेली नाही त्यांना शोधायचं तर पर्यटन खात्याने डिसेंबरात यावं. जुलैत दार नर्सच उघडेल, आणि वापर निवासी असल्याचा शेरा मारून साहेब पुढच्या घराकडे वळतील.