माती उचलणाऱ्याचा हिशेब कोण ठेवणार?

11 मार्च 2011 रोजी जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी आली आणि फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला. तिथून उडालेले किरणोत्सारी सीझियम शेतांवर, अंगणांत, जंगलांत पडले. त्यातले सीझियम-137 नुसते निम्मे व्हायलाच सुमारे 30 वर्षे लागतात. ते मातीच्या बारीक कणांना घट्ट चिकटते आणि बहुतेक वरच्या थरातच राहते. म्हणून शेतांतली साधारण 5 सेंटीमीटर माती खरवडून पिशव्यांत भरली गेली. अशी सुमारे 1 कोटी 40 लाख घनमीटर माती ओकुमा आणि फुताबा इथल्या साठवण केंद्रात नेली. 2045पर्यंत ती त्या प्रांताबाहेर न्यायची, असा कायदा आहे. म्हणजे विष संपले नाही, त्याची जागा बदलली.

माती काढणे गरजेचेच होते. त्यामुळे काही गावांत माणसे परतू शकली. आमचा प्रश्न वेगळा आहे: ती उचलली कोणी?

कंत्राटदाराच्या खालच्या कंत्राटदाराने आणलेल्या मजुरांनी. त्यांत बेघर माणसे होती. काम शिकायला आलेल्या व्हिएतनामी तरुणांनाही नीट न सांगता या कामाला लावल्याचे उघड झाले. 2018मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार तज्ज्ञांनी या मजुरांच्या शोषणाबद्दल चिंता व्यक्त केली.

आम्हाला याचे नवल वाटत नाही. घाण एकाची आणि हात दुसऱ्याचे, हा अनुभव आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या घेतला आहे. तिथे गरिबी पाहून माणूस निवडला, इथे जात पाहून.

आपल्याकडे तारापूरला 1969पासून अणुवीज केंद्र आहे. अशा ठिकाणी कंत्राटी कामाला जाणाऱ्या आपल्या मुलाबाळांनी आधी विचारावे: काम नेमके कशाचे? किरणे मोजणारा बिल्ला मिळणार का? त्याची नोंद आम्हाला दाखवणार का? काम सुटल्यावर तपासणी होणार का? बिल्ला कधीही काढून ठेवू नये. कामाच्या जागी खाऊ-पिऊ नये, तंबाखू मळू नये. हाताची धूळ थेट पोटात जाते. किरणे दिसत नाहीत, त्यांना वासही नसतो. म्हणून नोंद हाच पुरावा.

बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री होते. कामगाराचे संरक्षण ही मेहेरबानी नसून हक्क आहे, हे आपण त्यांच्याकडूनच शिकलो. मातीचा हिशेब सरकार घनमीटरात ठेवते. माणसांचाही ठेवावा, ही आमची मागणी आहे.