बोरीची जात कोणती लावावी?

बोर हे गरिबाचे फळ, ही समजूत आपल्याकडे फार दिवसांची आहे. बांधावरची बोर गुराख्यांनी झोडावी, कुंपणास तिच्या काट्या घ्याव्या, संक्रांतीस सुगडात चार बोरे घालावी, की तिचे कार्य संपले. आम्ही महसूल खात्यात असता पीकपाहणीच्या निमित्ताने अशी झाडे पुष्कळ पाहिली. त्यांचे उत्पन्न मालकाने हिशेबात धरल्याचे क्वचितच आढळले. आता कोरडवाहू शेतकरी बोरीच्या बागेकडे वळू लागला, हे ठीकच झाले. परंतु फळाच्या आकारावर भुलून सर्व शेतात एकच जात लावणे ही चूक होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उमराण मोठे व टिकाऊ, म्हणून दूरच्या पेठेस योग्य. तथापि ती उशिरा येणारी जात. हलक्या जमिनीतील ओल तोपर्यंत सरते, व पाण्याची सोय नसल्यास फळ बारीक राहते. शिवाय भुरी व फळमाशी यांचा तिला उपद्रव होतो. गोला आकाराने लहान, परंतु रसाळ. तो सर्वांआधी येतो व ओल असतानाच पदरात पडतो. कडाका या दोहोंच्या मधल्या काळात तयार होतो. जळगावचे मेहरुण बोर दिसण्यात बेताचे, पण त्याची गोडी ज्याने चाखली तो आकार पाहत नाही.

पोषणाच्या दृष्टीनेही आकार हे माप नव्हे. 100 ग्रॅम ताज्या बोरात क जीवनसत्त्व बहुधा 70 मिलिग्रॅम किंवा अधिक असते; महागड्या सफरचंदात ते 10 मिलिग्रॅमही नसते. मात्र वाळविल्याने त्याचा बराच नाश होतो. म्हणून घरच्या मुलाबाळांस ताजे बोर द्यावे.

20 फूट अंतराने एकरी सुमारे 108 झाडे बसतात. पाणी नसेल त्याने निम्मी गोल्याची लावावी, उरलेल्यांत कडाका व मेहरुण घ्यावे. विहीर असेल त्याने उमराण वाढवावी. कित्येक जातींत स्वतःच्या परागाने फळ नीट धरत नाही, तेव्हा मिश्र लागवडीचा तोही लाभ आहे. शिवाय सर्व माल एकाच आठवड्यात पेठेत ओतून भाव पाडण्याचा प्रसंग टळतो.

शेवटी एक विनंती. बांधावरच्या गावठी बोरी तोडू नका. त्यांचे सोटमूळ खोल गेलेले असते. तसले मूळ विकतच्या रोपास मिळावयाचे नाही. उन्हाळ्यात खोड छाटून पावसाळ्यात नव्या फुटव्यावर चांगल्या जातीचा डोळा भरावा. वडिलांनी न लावलेले झाडही मग नातवंडांस उत्पन्न देईल. कृषीबंधूंनी यंदा निदान एका झाडावर हा प्रयोग करून पाहावा.