शंभर टक्के म्हणजे बिघाड नव्हे!

मंडळी, 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि बऱ्याच जणांनी विंडोज 11 टाकलं. पाठोपाठ तक्रारी आल्याच: "पंखा घोंघावतोय, सीपीयू शंभर टक्के!" शनिवारी पुण्याहून इस्लामपूरला (आताचं ईश्वरपूर) गेलं की हमखास प्रश्न येतो, "दादा, फॉरमॅट मारूया का?"

माझं उत्तर: नाही. निदान लगेच तरी नाही.

गळीत हंगामात साखराळ्याकडच्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर लागतात, म्हणून कारखाना बिघडला असं कोणी म्हणतं का? अपग्रेडनंतर मशीनचाही हंगाम असतो. सर्चसाठी फायलींची अनुक्रमणिका नव्याने बनते, डिफेंडर फायली तपासतो, राहिलेले अपडेट उतरतात. मधेच 'एंड टास्क' केलं तर काम उरतंच, नंतर पुन्हा सुरू होतं. मशीन चार्जरला लावून एक-दोन रात्री चालू ठेवा, स्लीप बंद करा. बहुतेक वेळा पंखा आपोआप शांत होतो.

तरीही नाही झाला तर? टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करा आणि सगळ्यात वर कोण बसलंय ते बघा. रोज तेच नाव वर असेल, तर तो हंगाम नव्हे, दुखणं! 'सिस्टीम' असेल तर जुन्या ड्रायव्हरवर संशय घ्या. 'सर्व्हिस होस्ट' असेल तर उघडून आतली सर्व्हिस बघा. दुसऱ्या कंपनीचा जुना अँटीव्हायरस असेल तर आधी तो काढा.

खरी दुखणी असतात बरं का! 2013 मध्ये एक्सपीच्या मशीन अपडेट शोधतानाच तासन् तास शंभर टक्क्यांवर अडकायच्या. इंटरनेट एक्सप्लोररच्या जुन्या अपडेटची साखळी तपासण्याचं काम पटीपटीने वाढत जायचं. तिथे फॉरमॅट मारून काय होणार? अपडेट शोधायला लागलं की परत तेच. शेवटी मायक्रोसॉफ्टनेच ती जुनी अपडेट बाद केली.

आणि फॉरमॅट फुकट नसतो. दुकानाचे हिशेब, पोरांचे फोटो, सगळं सी ड्राइव्हवर आणि बॅकअप शून्य! पंखा शांत होईल हो, पण उधारीची वही गेली तर ती कुठून आणणार?

तेव्हा आधी बॅकअप, मग धीर, मग नाव शोधा. फॉरमॅट सगळ्यात शेवटी. बघा पटतंय का!