दाखल्यावरचा कलंक कोणी पुसायचा?

वालचंदनगरच्या कारखान्यात नौदलाच्या जहाजांसाठी गिअरबॉक्स तयार झाले, अग्निबाणांसाठी मोटरची कवचे तयार झाली. साखर कारखान्याभोवती उभ्या राहिलेल्या या वसाहतीतील कामगाराला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. घडवलेला भाग नापास करावयाचा झाला, तर आधी त्याचे मोजमाप घ्यावे लागते, दोष कोठे आहे ते लिहावे लागते आणि त्याखाली कोणाला तरी सही करावी लागते. याच परिसरातून, इंदापूर-बारामतीच्या गावोगावांतून, पहाटे रस्त्यावर धावून तयार झालेली मुले लष्करात जातात. यंत्राचा भाग परत पाठवताना जेवढी चौकशी होते, तेवढी माणूस परत पाठवताना मात्र होतेच असे नाही. माणसाला परत पाठवण्यासाठी 'सेवेची आवश्यकता उरली नाही' एवढे शब्द पुरतात.

१९५० च्या लष्कर कायद्याचे २३ वे कलम फार थोड्यांनी वाचले असेल. सेवेतून बडतर्फ, कमी अथवा मुक्त केलेल्या शिपायाला त्याच्या कमांडिंग अधिकाऱ्याने एक दाखला दिला पाहिजे, असे हे कलम सांगते. सेवा कोणाच्या हुकमाने संपली, कोणत्या कारणाने संपली आणि एकूण किती वर्षे झाली, हे त्यावर नमूद करावयाचे असते. हा दाखला इंग्रजीबरोबरच त्या शिपायाच्या मातृभाषेतही असला पाहिजे, अशीही त्यात तरतूद आहे. शिपायाला आपल्या हक्काचा कागद वाचता यावा, हा तीमागील हेतू चांगलाच होता. परंतु समलिंगी असल्याच्या कारणावरून ज्याला बाहेर काढले, त्याच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो? त्याची बेअब्रू त्याच्या आईला, भावाला आणि गावच्या तलाठ्याला वाचता येईल अशा शुद्ध मराठीत लिहून त्याच्या हाती दिली जाते.

हे कारण कायद्यात आले कोठून? सज्ञान व्यक्तींच्या राजीखुशीच्या संबंधांना गुन्हा ठरवणारे ३७७ वे कलम १८६० च्या दंडसंहितेतून आले. मेकॉलेच्या मसुद्यातून निघालेली ती संहिता राणीच्या राज्याने या देशावर लादली. १९५० चा लष्कर कायदा स्वतंत्र भारताच्या संसदेने केला खरा, पण तो १९११ च्या ब्रिटिश अमदानीतील कायद्याच्या जागी आला आणि त्याच साच्यातून निघाला. त्याच्या ४६ व्या कलमात 'क्रूर, अश्लील अथवा अनैसर्गिक' स्वरूपाच्या लज्जास्पद वर्तनाला सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. शिवाय ६९ व्या कलमाने मुलकी कायद्यातील गुन्हेही कोर्ट मार्शलच्या कक्षेत आणून ठेवले. शिपायाच्या खाजगी आयुष्यावर असा दुहेरी पहारा बसला.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नवतेजसिंग जोहर खटल्यात हा पहारा निम्मा उठवला. दोन सज्ञान व्यक्तींचा राजीखुशीचा खाजगी संबंध हा गुन्हा नव्हे, असा एकमुखी निर्णय झाला. इतिहासाने या समाजाची आणि त्यांच्या कुटुंबीयांची क्षमा मागितली पाहिजे, असे न्या. इंदू मल्होत्रा यांनी आपल्या निकालपत्रात नोंदवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ३७७ वे कलमच उरले नाही. (पुरुषावर होणाऱ्या बळजबरीला शिक्षा देणारी तरतूदही त्याबरोबर गळून पडली, ही सरकारची स्वतंत्र आणि गंभीर चूक होय.) मुलकी कायद्यातून 'अनैसर्गिक' हा शब्द अशा रीतीने गेला, पण लष्कर कायद्याच्या ४६ व्या कलमात तो तसाच बसून आहे. ज्यांना त्या शब्दाने घरी पाठवले, त्यांच्या फायली पुन्हा उघडाव्यात असे कोणत्याही सरकारला वाटलेले नाही. क्षमा न्यायमूर्तींनी सुचवली; ज्या सत्तेने अन्याय केला, तिने मात्र ती मागितली नाही.

उलट, सत्तेची भूमिका स्पष्ट शब्दांत सांगितली गेली. जानेवारी २०१९ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी वार्षिक पत्रकार परिषदेत सांगितले की, लष्कर सनातनी वृत्तीचे आहे, ते पाश्चात्त्य बनलेले नाही आणि तेथे हे चालू दिले जाणार नाही. २०१० मध्ये लष्कर सोडलेल्या एका मेजरने पुढे २०२० मध्ये आपले समलिंगी असणे जाहीर केले. त्याच्या अनुभवावरून प्रेरित पटकथेला दिग्दर्शक ओनीर यांनी परवानगी मागितली, तेव्हा २०२२ मध्ये संरक्षण खात्याने ती नाकारली. त्याआधी २०१७ मध्ये लिंगबदल शस्त्रक्रिया करून घेतलेल्या एका नौसैनिक व्यक्तीला नौदलाने 'सेवेची आवश्यकता नाही' या सदराखाली घरी पाठवले. तो प्रश्न समलिंगी असण्याचा नव्हता, पण त्या व्यक्तीच्या कामात खोट निघाली असेही नव्हते.

या भूमिकेमागे एक युक्तिवाद नेहमी उभा केला जातो, आणि इंदापूरसारख्या तालुक्यातील कार्यकर्त्याने त्याकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. तो युक्तिवाद असा : जवान खेड्यातून येतो, त्याच्या मनाची तयारी नसते, म्हणून सुधारणेला थांबावे लागेल. स्त्री-अधिकाऱ्यांना कायम कमिशन देण्याच्या खटल्यात सरकारने सर्वोच्च न्यायालयासमोर हेच सांगितले होते. ग्रामीण पार्श्वभूमीचे जवान स्त्रीचे नेतृत्व मानण्यास मनाने तयार नाहीत, असे ते म्हणणे होते. १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालात न्यायालयाने ते फेटाळून लावले. खेड्यातील शेतमजुराचा, ऊसतोडणी कामगाराचा, कारखान्यातील फिटरचा मुलगा सीमेवर मरण्यास तयार असतो, तेव्हा त्याच्या मनाची तयारी कोणी विचारत नाही. वरिष्ठांना स्वतःचा पूर्वग्रह सोडावयाचा नसला, की तोच मुलगा ढाल म्हणून पुढे केला जातो. खेड्याच्या नावावर खपवलेला हा सरंजामी विचार खेड्याचा अपमान करणारा आहे.

पुणे जिल्ह्याला तर या युक्तिवादाचा इतिहास पाठ असावयास हवा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सरकारने 'लढाऊ जाती'चे शास्त्र पुढे करून महारांची लष्करभरती बंद केली. ज्यांनी कोरेगावच्या लढाईत रक्त सांडले होते, त्यांच्या कामगिरीत उणीव सापडली नव्हती. त्यांचे असणेच इतर जातींच्या शिपायांना आणि गोऱ्या सेनापतींना खटकत होते. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी सासवडला सभा भरवली आणि सरकारकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा भरती उघडली, युद्ध संपताच पुन्हा मिटली. अखेर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली आणि त्यामागे डॉ. आंबेडकरांचा आग्रह होता. दोन्ही अन्याय एकाच मापाचे आहेत असे म्हणण्याचे कारण नाही, कारण जातीच्या दास्याला दुसरी तुलना नाही. परंतु दोन्हींतील तर्क एकच आहे : माणसाने काय केले हे न पाहता तो कोण आहे हे पाहावयाचे, आणि इतरांच्या पूर्वग्रहाचा दंड त्याच्याकडून वसूल करावयाचा. ज्या जिल्ह्याने हा तर्क एकदा उधळून लावला, त्याने तो दुसऱ्या वेषात आल्यावर ओळखू नये काय?

'हे पाश्चात्त्य खूळ आहे' हा आक्षेपही तपासून पाहावा. खूळ पाश्चात्त्य आहे हे खरे, पण ते खूळ म्हणजे १८६० चा कायदा. ज्या ब्रिटनने तो येथे आणला, त्या ब्रिटनला १९९९ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने दोषी ठरवले आणि जानेवारी २००० मध्ये तेथील लष्करी बंदी उठली. लॉर्ड एथर्टन यांच्या चौकशीचा अहवाल जुलै २०२३ मध्ये आला. माणसांची झडती घेणे, त्यांची पदके काढून घेणे आणि त्यांना अपमानित करून हाकलणे हे प्रकार त्यात नोंदले गेले. पंतप्रधानांनी पार्लमेंटमध्ये राज्यसंस्थेच्या वतीने माफी मागितली. डिसेंबर २०२४ मध्ये साडेसात कोटी पौंडांची भरपाई योजना जाहीर झाली. कॅनडाच्या पंतप्रधानांनी २०१७ मध्ये माफी मागितली, जर्मनीने २०२१ मध्ये पुनर्वसनाचा कायदा केला. अमेरिकेत संरक्षण खात्याने स्वतःहून जुन्या फायली काढल्या आणि २०२४ मध्ये आठशेहून अधिक माजी सैनिकांचे दाखले सन्माननीय केले. धन्याने चूक कबूल केली, पण त्याने मागे टाकलेला चाबूक येथील सत्ताधारी 'आमची संस्कृती' म्हणून उराशी धरून बसले आहेत.

या देशांचे गोडवे गाण्याचे मात्र समाजवाद्याला कारण नाही. त्यांची सैन्ये दुबळ्या राष्ट्रांवर चालून गेली आहेत आणि त्यांची माफी अनेकांच्या मरणानंतर आली आहे. शिवाय २०२५ मध्ये अमेरिकेच्या नव्या राजवटीने पारलिंगी सैनिकांना पुन्हा बाहेरची वाट दाखवली. वरून मिळालेली सवलत वरूनच काढून घेतली जाते. संघटित लोकमत पाठीशी नसेल, तर न्यायालयाचा निकालही कागदावर राहतो, हा धडा त्यातून घ्यावयाचा आहे.

काहींना हा प्रश्न अब्रूपुरता वाटेल, पण तो भाकरीचाही आहे. बडतर्फ झालेल्या शिपायाला निवृत्तिवेतनावर हक्क सांगता येत नाही. गैरवर्तनाच्या कारणावरून काढलेला माणूस सरकारी व्याख्येप्रमाणे 'माजी सैनिक' ठरत नाही. त्यामुळे माजी सैनिकांसाठी राखलेल्या नोकऱ्या आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा आधार यांना तो मुकतो. ज्याच्या घरी बागायती जमीन आहे, तो हा घाव सोसेल. ज्याच्या घरी लष्कराचा पगार हेच एक शेत होते, त्याचे कुटुंब उघड्यावर येते. या अन्यायालाही वर्ग आहे. अधिकारी राजीनामा देऊन शहरात दुसरी नोकरी शोधतो. शिपाई दाखला घेऊन गावी परततो.

कारखान्यातील कामगाराला हे दुखणे परके वाटू नये. आरोपपत्राविना, चौकशीविना माणसाला फाटकाबाहेर काढणे हा मालकाचा अधिकार नव्हे, हे तत्त्व कामगार चळवळीने रक्त आटवून मान्य करून घेतले. औद्योगिक विवाद कायद्यात १९७१ मध्ये घातलेल्या ११-अ कलमाने, बडतर्फी अन्यायाची असेल तर कामगाराला पुन्हा कामावर घेण्याचा हुकूम देण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला दिला. सैनिकाला संघटना नाही, संप नाही, घोषणा नाही. त्याच्यासाठी २००७ च्या कायद्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरण स्थापन झाले, पण अंतिम हुकमानंतर सहा महिन्यांत अर्ज करण्याची मुदत त्यात आहे. न्यायाधिकरणाने सबळ कारण मान्य केले, तरच उशीर माफ होतो. ज्याला १९८५ मध्ये काढले, त्याने २०१८ चा निकाल सहा महिन्यांत कसा गाठावा?

शिस्तीचा मुद्दा उरतो. घटनेच्या ३३ व्या अनुच्छेदाने सैनिकांच्या मूलभूत हक्कांना मुरड घालण्याचा अधिकार संसदेला दिला आहे, हे निर्विवाद आहे. पण तो कशासाठी? कर्तव्य नीट पार पडावे आणि शिस्त राहावी, यासाठी. वरिष्ठाने हाताखालच्यावर बळजबरी केली, अधिकाराचा दाब आणला, तर त्याला कठोर शिक्षा झालीच पाहिजे, मग बळी स्त्री असो वा पुरुष. तेथे शिस्त खरोखरच मोडते. परंतु रजेवर असताना स्वतःच्या खोलीत कोणावर प्रेम केले, यामुळे कोणती चौकी पडली? भीतीने लपून राहणारा माणूस धमकीला बळी पडतो. ज्याला लपावे लागत नाही, त्याला धमकी देणार कोण?

येथे स्वतःच्या घरातील केरही काढला पाहिजे. समाजवादी चळवळीने हा प्रश्न फार काळ 'शहरी चोचले' म्हणून बाजूला सारला. आधी भाकरी, मग बाकीचे, असे म्हणताना काही माणसांची भाकरीच या कारणावरून काढून घेतली जात होती, हे तिच्या नजरेतून सुटले. या महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य'मधून वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना शास्त्रीय उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर खटला झाला, आणि १९३४ मध्ये त्यांची वकिली करण्यास डॉ. आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, पण बाजू कोणती घ्यावयाची हे त्यांनी दाखवून दिले. त्यांचे नाव घेणाऱ्यांनी तेवढे धैर्य तरी दाखवावे.

म्हणून मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. लष्कर आणि हवाई दलाच्या कायद्यांतील 'अनैसर्गिक' हा शब्द काढून बळजबरीविरुद्ध स्त्रीपुरुष दोघांनाही लागू होणारे स्पष्ट कलम घालावे. निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली पुनर्विलोकन मंडळ नेमून या कारणावरून झालेल्या सर्व बडतर्फी, सेवामुक्ती आणि दबावाखाली घेतलेले राजीनामे तपासावेत. किती जणांना काढले, तो आकडा वर्षवार जाहीर करावा. मृत सैनिकांच्या वारसांनाही अर्जाचा हक्क असावा आणि मुदतीची अट या प्रकरणांना लागू नसावी. निवृत्तिवेतन थकबाकीसह मिळावे. अर्जदाराचे नाव गुप्त राहावे, नाहीतर न्याय मागण्यासाठीच त्याला गावासमोर पुन्हा उभे राहावे लागेल.

आणि दाखला नवा द्यावा, दोन्ही भाषांत. इंग्रजीतील दुरुस्ती दिल्लीच्या कपाटात राहील; गावात वाचला जाणारा कागद मराठी आहे. ज्या भाषेत शिपायाचा अपमान लिहिला गेला, त्याच भाषेत त्याने देशाची सेवा इमानाने केली असे लिहून मिळाले पाहिजे. तसे होईपर्यंत ही मागणी फाटकसभेत, ग्रामसभेत आणि तालुक्याच्या मोर्चात मांडत राहणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.