नकाशावर गुन्हा नको, दिरंगाई रंगवा

सरकारी मराठीत 'तुरळक' हा शब्द फार कामाचा आहे. पाऊस तुरळक पडतो आणि अत्याचारही तुरळकच होतात. जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीच्या बैठकीत आकडे वाचले जातात: इतके गुन्हे दाखल, इतके तपासावर, इतके न्यायप्रविष्ट. मग कोणीतरी साहेब म्हणतात, काही तुरळक घटना सोडल्या तर जिल्ह्यात सलोखा आहे. इतिवृत्तावर सह्या होतात. बाहेर आपले कार्यकर्ते निवेदन घेऊन उभे असतात. त्यात दहा-बारा गावांची नावं एकाखाली एक लिहिलेली असतात. आवकचा शिक्का बसतो, फोटो निघतो, फोटो ग्रुपवर पडतो. संपलं.

माझं म्हणणं एवढंच की हा 'तुरळक' मोडायचा असेल तर गावं एकाखाली एक लिहून भागणार नाही. ती एकाशेजारी एक मांडावी लागतील, म्हणजे नकाशावर. तोही मोबाइलवर उघडणारा, ठिपक्यावर बोट ठेवलं की त्याखालची नोंद दाखवणारा. हे काम आज फुकटात होतं. एक्सेलमध्ये ओळी भरता येणाऱ्या कुणालाही ते एका दुपारी जमतं. गूगल माय मॅप्समध्ये शीट चढवा, एका थरात २,००० ओळींपर्यंत घेतो. 'आपल्याकडे तंत्रज्ञ नाहीत' ही सबब आता पुरे.

ज्येष्ठ मंडळी यावर हसतात. 'नकाशे काढून अन्याय थांबतो काय? रस्त्यावर या.' रस्त्यावर यायचंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण बाबासाहेबांचे ग्रंथ कपाटातून काढून जरा चाळले तर काय दिसतं? १९४० च्या 'थॉट्स ऑन पाकिस्तान'मध्ये जिल्हानिहाय लोकसंख्येचे तक्ते आहेत आणि नकाशे आहेत. १९५५ च्या भाषावार राज्यांवरच्या पुस्तकातही तक्ते आहेत आणि प्रस्तावित राज्यांचे नकाशे आहेत. ज्या प्रश्नावर सगळा देश घसा फोडून ओरडत होता, त्या प्रश्नावर बाबासाहेब जनगणनेचे आकडे घेऊन बसले होते. तक्ता आणि नकाशा आपल्याला नवा नाही. आपण तो मध्येच टाकून दिला.

आणि कायद्यालाही तो हवाच आहे. अत्याचार प्रतिबंधक नियम, १९९५ मधला नियम ३ पाहा. जिथे अत्याचार होण्याची किंवा पुन्हा घडण्याची शक्यता आहे असं वाटतं, ते क्षेत्र राज्य सरकारने निश्चित करायचं आहे. क्षेत्र निश्चित करणं म्हणजे नकाशा काढणं नाही तर काय? आपल्या तालुक्यात असं क्षेत्र कोणतं ठरवलंय आणि कशावरून, हे तहसीलमध्ये विचारून बघा. चेहरे पाहण्यासारखे होतात.

अमेरिकेतली एक गोष्ट चवदार तळ्याच्या वारसांनी लक्षात ठेवावी अशी आहे. ओहायो राज्यात झेन्सव्हिल नावाचं शहर आहे. त्याला लागून कोल रन ही मुख्यतः कृष्णवर्णीयांची वस्ती. सुमारे पन्नास वर्षं या वस्तीला सार्वजनिक नळाचं पाणी मिळालं नाही. लोक विहिरीवर, पावसाच्या साठवलेल्या पाण्यावर आणि गाडीतून वाहून आणलेल्या पाण्यावर जगले. खाली जुन्या कोळसा खाणी असल्यामुळे विहिरीचं पाणीही धड नव्हतं. प्रशासनाचं म्हणणं, यात वर्णाचा काही संबंध नाही. मग अभ्यासकांनी नकाशा केला. कोणत्या घराला पाणी पोचतं आणि त्या घरात कोणत्या वर्णाचे लोक राहतात, ही दोन रकान्यांतली माहिती एकावर एक ठेवली. जवळच गोऱ्यांच्या घरात नळ, इथे कोरड. २००८ च्या जुलैमध्ये ज्युरीने ६७ रहिवाशांच्या बाजूने जवळपास १ कोटी ९ लाख डॉलरच्या भरपाईचा निकाल दिला. एकट्या नकाशाने खटला जिंकला असं मी म्हणत नाही. लोक लढले, वकील लढले. पण 'संबंध नाही' हे वाक्य नकाशासमोर टिकलं नाही.

आता आपल्या पोरांकडे येते. काही जिल्ह्यांत उत्साही मुलांनी असे नकाशे केले आहेत, त्याचं कौतुकच आहे. पण बहुतेकांचा नमुना एकच: जिथे घटना घडली तिथे लाल पिन, पिनवर बोट ठेवलं की पीडिताचं नाव, वय, गाव, जमल्यास फोटो. हा नकाशा मला मान्य नाही. तो धोकादायक आहे आणि राजकीयदृष्ट्या आंधळाही आहे.

धोका आधी सांगते. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे, मूल असेल तर पोक्सोचं कलम २३ आहे. नाव गाळलं म्हणजे सुटलो, असं नाही. ज्या गावात आपली चारच घरं आहेत तिथे 'वय १९, बारावी' एवढं लिहिलं की सगळं गाव बोट दाखवतं. इतर प्रकरणांत साक्षीदार फुटतात ते काय उगाच फुटतात? त्यांच्या दारापर्यंतचा रस्ता आपणच मोबाइलवर काढून द्यायचा? तंत्रातली गोम अशी की माय मॅप्समध्ये शीट चढवली की तिच्यातला प्रत्येक रकाना ठिपक्याच्या चौकटीत आपोआप येतो. गूगल शीटमध्ये रकाना 'लपवला' तरी तो पुसला जात नाही. कॉपी करणाऱ्याला तो पुन्हा उघडता येतो. म्हणून पहिल्या दिवसापासून दोन स्वतंत्र फाइली हव्यात. नावगावाची फाइल वकील आणि एक-दोन जबाबदार कार्यकर्त्यांकडे. नकाशाच्या फाइलमध्ये नाव, वय, वस्ती हे रकाने असूच नयेत.

मग ठिपका कुठे ठेवायचा? पोलीस ठाण्यावर. इथेच राजकीय आंधळेपणाचा मुद्दा येतो. लाल पिन काय दाखवते? आपली जखम. ती बघून लोक हळहळतात आणि पुढे सरकतात. त्याऐवजी चार तारखा भरा: घटना, एफआयआर, दोषारोपपत्र, अर्थसहाय्याचा पहिला हप्ता. २०१५ च्या दुरुस्तीनंतर तपास करून दोषारोपपत्र दाखल करायला ६० दिवसांची मुदत आहे. एका तारखेतून दुसरी वजा करायला एक्सेलला क्षणही लागत नाही. ६० च्या आत असेल तर एक रंग, बाहेर असेल तर दुसरा, अजून दाखलच नसेल तर तिसरा. आता नकाशा ठाण्याकडे बोट दाखवतो, समाजकल्याण कार्यालयाकडे बोट दाखवतो. साहेबांना 'तुरळक' म्हणायचं असेल तर सलग सात ठाण्यांवर एकच रंग का पसरलाय, याचं उत्तर द्यावं लागेल.

रंग आणि रकाने निरागस नसतात. समाजशास्त्राच्या एम.ए.ला आम्हाला दुर्खीम आणि वेबर सत्रभर शिकवले, ड्यू बॉईस एका ओळीत उरकला. त्याच ड्यू बॉईसने फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात घरोघर फिरून १८९९ मध्ये ग्रंथ काढला, त्यात कृष्णवर्णीयांच्या घरांचा वर्गवार रंगवलेला नकाशा आहे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिलं ते याच ड्यू बॉईसना. एवढा मोठा आपला माणूस, पण त्या नकाशातला एक वर्ग दुर्वर्तनी आणि गुन्हेगार लोकांचा आहे. पारधी वस्तीवर पोलिसांची नजर कशी असते हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना असा रंग काय करतो ते वेगळं सांगायला नको. रकान्याला नाव देतानाच निम्मा निकाल लागलेला असतो.

रिकाम्या चौकटीबद्दलही बोललं पाहिजे. शीटमध्ये शून्य आणि रिकामी चौकट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण बेरीज-तुलना करताना एक्सेल रिकाम्याला शून्यच धरतं. मग एकही गुन्हा दाखल न झालेला तालुका नकाशावर छान पांढरा दिसतो, जणू तिथे समता नांदते. अनेकदा तिथे तक्रार करायची हिंमतच नसते, किंवा ठाणेदार ती घेत नाही. आकडा मिळालाच नाही तिथे 'माहिती नाही' असं लिहा आणि राखाडी रंग द्या. आणि गुन्हे जास्त दिसतात त्या ठाण्याला लगेच सर्वांत वाईट ठरवू नका. कदाचित तिथले लोक जास्त धीट असतील.

दर काढायचा तर छेद कुठून आणायचा? जनगणनेत गावनिहाय अनुसूचित जातींची लोकसंख्या मिळते, पण २०११ ची. आणि १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीत धरलं असलं, तरी धर्म बौद्ध लिहून जातीचा रकाना कोरा ठेवणारं घर त्या आकड्यात येत नाही. म्हणजे ज्या वस्तीत धम्माची जाणीव पक्की, तिथेच छेद लहान होऊन दर फुगण्याची शक्यता. नकाशाखाली हे दोन ओळींत लिहाच. १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाची जनगणना जातीची नोंद करणार आहे, तेव्हा घराघरांत हा विषय काढावाच लागेल.

जोडणीचा भाग कंटाळवाणा आहे, पण नकाशे तिथेच फसतात. नावावरून गावं जोडू नका. वडगाव किती आहेत महाराष्ट्रात? त्यात खुर्द वेगळं, बुद्रुक वेगळं. जनगणनेचा गावाचा कोड वापरा. जिल्ह्यांचंही तेच: २०११ च्या आकड्यांत पालघर नाही, तो ठाण्यात आहे. उस्मानाबादचं धाराशिव झालंय, अहमदनगरचं अहिल्यानगर. अक्षांश-रेखांश उलटे भरले तर मराठवाड्याचं गाव थेट उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात जातं. महाराष्ट्रात अक्षांश साधारण १५ ते २२ आणि रेखांश ७२ ते ८१, एवढं भिंतीवर लिहून ठेवा. जुन्या श्रीलिपी-कृतिदेवातली माहिती आधी युनिकोडमध्ये आणा, फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा. आणि वस्त्यांची जुनी जातिवाचक नावं, जी डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने काढायची ठरलीत, ती जुन्या कागदावरून आपल्याच नकाशात परत आणू नका.

माहिती मागायची ती अशी. माहिती अधिकारात अर्ज पोलीस अधीक्षक कार्यालयाला एक आणि समाजकल्याण सहायक आयुक्तांना एक. मजकूर छोटा: मागच्या तीन वर्षांत अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली दाखल गुन्ह्यांची ठाणेनिहाय यादी, कलम, एफआयआर आणि दोषारोपपत्राची तारीख, आणि दुसऱ्या अर्जात अर्थसहाय्याच्या प्रत्येक हप्त्याची तारीख. एफआयआर क्रमांक दोन्हीकडे मागा, नाहीतर याद्या एकमेकींना जुळणार नाहीत. तो क्रमांक आपल्या खासगी फाइलमध्येच ठेवायचा. नावं मागूच नका, नकार द्यायला तेवढंच कारण पुरतं. शेवटी लिहा: कलम २(ञ) नुसार, माहिती संगणकात असल्यास इलेक्ट्रॉनिक स्वरूपात, एक्सेलमध्येच द्यावी. स्कॅन केलेली पीडीएफ दिली तर प्रथम अपील ३० दिवसांच्या आत करा. समितीची पुढची बैठक कधी आहे ते आजच विचारून ठेवा, नकाशा त्याआधी तयार हवा.