आजारपणाचा पैसा कधी द्यावा लागतो?

बीड जिल्ह्यातील नांदूरघाटच्या परिसरातून ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ मिळालेली रक्कम, पुष्कळदा मागच्या आजारपणाचे देणे फेडण्यातच संपते. त्यामुळे विकसित देशांच्या आरोग्यखर्चाची तुलना हा विषय या गावाला वाटतो तितका परका नाही.

ही तुलना सहसा सकल देशांतर्गत उत्पादनाच्या, म्हणजे देशात वर्षभरात निर्माण होणाऱ्या वस्तू व सेवांच्या एकूण मूल्याच्या, टक्केवारीत केली जाते. १९७० च्या सुमारास अमेरिका आणि पश्चिम जर्मनी यांच्यात या मोजमापाने फारसे अंतर नव्हते. २०२२ पर्यंत अमेरिकेचा खर्च १७ टक्क्यांपलीकडे गेला, जर्मनीचा साडेबाराच्या आसपास राहिला, आणि इतके खर्चूनही अमेरिकेतील सरासरी आयुर्मान जपानपेक्षा पाच-सहा वर्षांनी कमीच आहे. अमेरिकन माणूस दवाखान्यात अधिक वेळा जातो असे नाही. त्याच उपचाराचा दर तेथे अधिक आहे. जर्मनीत १८८३ च्या कायद्यापासून रुजलेल्या आजारविम्याने वर्गणी आजारापूर्वीच गोळा होते आणि दर विमानिधी व डॉक्टरांच्या संघटना वाटाघाटीने ठरवतात, म्हणजे खाटेवरच्या रुग्णाला घासाघीस करावी लागत नाही.

भारतात एकूण आरोग्यखर्चापैकी कुटुंबांनी उपचाराच्या वेळी स्वतः भरलेला वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला, ही घट मोठीच आहे. परंतु या हिशेबात बुडालेली मजुरी आणि मुकादमाने लावलेला खाडा, म्हणजे गैरहजेरीबद्दलचा दंड, धरलेला नसतो.

२०१९ मध्ये राज्य सरकारने या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी नेमलेल्या डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या बीड जिल्ह्यातील पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. या आकड्याचा दोष केवळ काही डॉक्टरांच्या लोभावर टाकणे सोपे, पण अपुरे आहे, कारण गरज ठरवणारा आणि दर लावणारा जेथे एकच असतो आणि रुग्णाला प्रत्येक खेपेचा खाडा भरावा लागतो, तेथे एकदाच पिशवी काढून मोकळे होणे तिलाही स्वस्त वाटू लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांचा भार उचलते. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे या तक्रारींची पहिली तपासणी, सोनोग्राफी आणि गोळ्या बहुतांशी तिच्या बाहेर राहतात. त्या प्रकरणानंतर जिल्ह्यातील खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक झाले, मात्र हंगामात उसाच्या फडावर असलेल्या बाईला पहिल्या तपासणीसाठी मजुरी न बुडवता जाता येईल अशी सोय त्या परवानगीने होत नाही.